खिडकीतलं गठुडं

(साल १९९८. वसमतच्या स्टँडावर आखाडा बाळापूरची गाडी. दारात माणसं चेंगरलेली. तान्ह्या पोरीची आई करुणा दाराबाहेर अडकलेली. तिचा नवरा प्रेमानंद आत, सीटांच्या मधे, खाली पडलेल्या एका म्हाताऱ्याला मारतोय. जुबेर या गाडीचा कंडक्टर.)

जुबेर : पेटी दे इकडं. टिकिटाची पेटी हाय ती, मानसाच्या टाळक्यात घालायची चीज न्हाई.

प्रेमानंद : हट. अजून हालून राहिलाय हा.

जुबेर : अरे, डोस्कं फुटलं त्यांचं. रगत बघ किती सांडलं. डोंगरकड्याचे सोनाजीकाका हायत हे, रोजचं पाशिंजर.

प्रेमानंद : कुनी का असंना. माझी पोरगी भिरकावली ह्यानं सीटवरून. दोन महिन्यांची पोरगी. बाहेरून ह्या डोळ्यानं पाह्यलं, खिडकीतूनच घुसलो आत.

जुबेर : त्यांना गठुडं वाटलं असंल, भाई. इथं सारेच खिडकीतून जागा धरतेत. कोनी टोपी टाकते, कोनी पिशवी. तू गोधडीत गुंडाळलेलं लेकरू ठेवलं. आता कोनाला काय कळावं?

प्रेमानंद : मला शिकवू नको. तुझ्याबी कानाखाली वाजवीन.

करुणा : मास्तर, मला आत घ्या.

जुबेर : थांबा बाई, आत मारामारी चालू हाय.

करुणा : म्हनूनच घ्या. दर खेपंला सांगते तुमाला, लेकरावालीला आधी चढू द्या. तुमी म्हनता, गर्दीत कोनाकोनाला पाहू. मागल्या वक्ताला ह्याच दारात पोरीच्या नाकावर कोपर बसलं. म्हनून आज ह्यांनी खिडकी धरली.

प्रेमानंद : करुणा, गप ऱ्हा. ज्या हातानं फेकली तो हातच मोडतो ह्याचा.

जुबेर : नको पिळू. अरे, नको... मोडला ना. कडकन वाजला, ऐकला न्हाईस?

प्रेमानंद : ऐकला. आता दुसरा. दे म्हनतो ना. पोटाखाली काहून दडवून राहिलास?

करुणा : अवो, ऐशू कुठं हाय?

प्रेमानंद : थांब गं जरा.

करुणा : ऐशू कुठं हाय म्हनते मी. तुमच्या हातात पेटी दिसून राहिली. मास्तर तुमाला आवरतेत. मंग पोरगी कोनाजवळ हाय?

जुबेर : तुझ्याजवळ न्हाई?

प्रेमानंद : न्हाई. मी... मी आधी ह्यालाच धरलं.

जुबेर : कोनी पाय हालवू नका. जो जिथं हाय तिथंच ऱ्हा. लेकरू खाली हाय.

करुणा : रडून न्हाई राहिली ती. मला तिचा आवाज येऊन न्हाई राहिला.

जुबेर : सीटखाली न्हाई. मागं बी न्हाई. काका, जरा सरका. काय हाय पोटाखाली?

प्रेमानंद : गोधडी हाय. तिचीच.

जुबेर : या अल्ला. पोरीवर आडवे पडलेत हे. उचलायला वाकले असतील, आन तू वरून पेटी घातली. म्हनून जागचे हालले न्हाईत. तुला साधा धक्का बी दिला न्हाई.

प्रेमानंद : मला वाटलं, भ्यालाय.

करुणा : जित्ती हाय का?

जुबेर : हाय. टकाटका पाहून राहिली. कपाळाला टेंगूळ हाय. तोंडावरचं रगत तिचं न्हाई बाई, काकांचं हाय. ए, दारातले सारे खाली उतरा. उतरा, न्हाई तर गाडी जागची हलनार न्हाई. आधी ही बाई चढंल, मंग साऱ्या लेकरावाल्या, मंग तुमी. डायवर, आधी दवाखान्यात घे.

करुणा : काका, आता द्या तिला. मी तिची आई. सोडा, आता कोनी मारनार न्हाई.

जुबेर : मूठ सुटून न्हाई राहिली त्यांची. हळू, एकेक बोट काढा.

प्रेमानंद : सरक, मी काढतो.

करुणा : तुमी नका. तुमी त्यांचं डोस्कं मांडीवर घ्या.