लोणकढी थापेचा अस्सल उगम

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे... म्हणजे बराचसा... म्हणजे निम्मा तरी आहेच, उरलेला भाचीने घातलाय, त्याची जबाबदारी ताईवर. अहो, खोटं बोलून मला काय मिळणार?

झालं काय, भाचीला शाळेत प्रश्न दिला, 'लोणकढी थाप म्हणजे काय, आणि हे आलं कुठून?' दहा गुण. भाषेत ती आधीच गटांगळ्या खात होती, म्हणजे हे दहा बुडाले की वर्ष बुडालं. ताईचा फोन, नाहीतरी दिवसभर थापाच मारतोस, एकदा उपयोगी पड! आता मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, थाप मारतो ती फक्त 'उद्या नक्की देतो' एवढीच, पण ते असो... मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं. लोणी कढवलं की ताजं तूप, तशी जागच्या जागी कढवलेली ताजी, गुळगुळीत थाप. संपलं.

बाईंनी शून्य दिलं. वर लाल शेरा, 'मनाचे लिहू नये.'

भाचीला घेऊन गेलो शाळेत. बाई म्हणाल्या, "पुरावा?" आता तुपाला कसला पुरावा आणू? सटकली माझी. म्हटलं, बाई, हे आमच्याच गल्लीत घडलं, एका आजीबाईंनी लोणी कढत ठेवलं, डोळा लागला, तूप उतू जाऊन जिन्यावरून रस्त्यावर, आणि अख्खी गल्ली घसरत घसरत थेट कचेरीत, साहेबांनी विचारलं, कपडे तुपकट कसे, यांनी खरं सांगितलं, तर साहेब म्हणाले, ही लोणकढी थाप! खोटं बोलून मला काय मिळणार, बाई?

बाई उतरवून घेत होत्या. मध्येच विचारतात, किती शेर लोणी? मी अडकलो, तर भाची शांतपणे, "नऊ. आई साक्षीला होती."

दहापैकी दहा. पोरगी पास.

पण मग बाई वर्ग घेऊन गल्ली बघायला आल्या... मग दुसरी शाळा... मग पेन्शनरांचा घोळका... आता दर अर्ध्या तासाला मी घसरून दाखवतो. कंबर गेली. भाचीला म्हटलं, खरं सांगून टाकू. ती म्हणते, "मामा, खरं सांगितलं तेव्हा शून्य मिळालं होतं."

घसरलो पुन्हा.

तर तुम्ही उभे आहात तीच ही गल्ली. मोठ्यांचे वीस, लहानांचे दहा. ऐकलंत तेवढ्याचे तरी द्या हो... तिकडे नाक्यावर भाची डोकी मोजतेय.