रंजनाचा डब्याचा तास

बसून घ्या सगळे. मागे उभी असलेली मुलं, पुढे सतरंजीवर जागा आहे. रंजनाच्या आई, तुम्ही उठू नका.

मी कॉलेजात इतिहास विभागाची प्रमुख. इतकी वर्षं शिकवतेय, पण रंजनाबद्दल ‘होती’ म्हणायचं माझ्याच्यानं होत नाही. सांभाळून घ्या.

दारात काहींनी विचारलं, मॅडम, शोकसभा इथे का? कॉलेज उल्हासनगरला, मग अंबरनाथला, शिवमंदिराच्या वाटेवरच्या या छोट्या हॉलमध्ये का? सांगते.

रंजना आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे जूनमध्ये मुलाखत, मग नेमणूक, आणि परीक्षा संपल्या की नेमणूकही संपली. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. तीच खोली, तीच खुर्ची, समोर मीच. पहिला प्रश्न ठरलेला, “आपला परिचय करून द्या.” दरवर्षी ती मला, माझ्याच विभागातली बाई, स्वतःची ओळख करून द्यायची. हसू दाबत. मला काही हसू यायचं नाही. कायम जागेसाठी मी वर किती वेळा लिहिलं, वरून कधी ‘नाही’ही आलं नाही.

ती मे महिन्यात गेली. तापाचं निमित्त झालं, आणि गेली. जुनी नेमणूक संपलेली, नवी झालेली नाही. मी ऑफिसात गेले, म्हटलं शोकठराव करू. हेडक्लार्क वाईट माणूस नाही हो, त्यांचेही डोळे भरले होते. म्हणाले, “मॅडम, ‘आपल्या प्राध्यापिका’ कसं लिहू? आज त्या आपल्याकडे नाहीत.” प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, “‘माजी’ लिहूया.” माजी? जूनमध्ये मुलाखतीला येणार होती ती! सुट्टीत गेली म्हणून कुणाचीच नाही का ती? भांडू तरी कुणाशी? जो तो हळहळतोय आणि जो तो नियम दाखवतोय. शेवटी हा हॉल मुलांनी शोधला.

ती शिकवायची खाद्यसंस्कृतीचा इतिहास. स्टाफरूममध्ये चेष्टा व्हायची, “काय रंजना, आज कुठली भाजी शिकवली?” ती म्हणायची, “सर, डबा उघडा, तुमचं मूळ गाव सांगते.” आणि सांगायची हो!

तिचा डब्याचा तास इथल्या मुलांना ठाऊक आहे. एकानं घरचा डबा आणायचा, मधे ठेवायचा. झाकण उघडलं की कुणी बोलायचं नाही. आधी नुसता वास घ्यायचा. मग प्रश्न. हे तुमच्या घरात कुठून आलं? कुणी आणलं? एकदा बदलापूरच्या मुलीनं सुकट आणली. एकानं नाक दाबलं. ती मुलगी रडवेली झाली. रंजना रागावली नाही. म्हणाली, “दाब नाक. पण यातलं मीठ कुठलं ते सांग.” मग रंजना मिठागरांवर बोलली. मिठात राबून आपल्या आजोबांच्या पायांना पडलेल्या भेगांवर बोलली. नाक दाबणाऱ्यानं डबा पुसून खाल्ला. बसलाय तो इथेच.

मागच्या मुलाखतीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, “या विषयाचा उपयोग काय?” रंजना म्हणाली, “सर, घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. शेजारी डबा आणतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते कुठून येतं, ते मी शिकवते.” तज्ज्ञ हसले. पुढचा प्रश्न.

ती गेली त्या दिवशी मी जांभूळ गावात तिच्या घरी पोचले. चूल थंड होती. इतक्यात आमची कंचन, उल्हासनगरच्या सिंधी घरातली, आईला घेऊन दारात उभी. हातात डबा. मूगडाळ आणि फुलके. मला हळूच म्हणाली, “मॅम, मम्मीला बोलले मिर्ची मत डालना. रंजना मॅमनीच शिकवलंय ना, दुःखाच्या घरी तिखट नाही नेत.”

आई, त्या दिवशी तुम्ही माझा हात धरून विचारलंत, “बाय, माजी पोर कालेजान मास्तरीन होती ना?” मला उत्तर देता आलं नाही. आज देते. होती, आई. ठराव नाही, कागद नाही, मी तो आणूही शकले नाही. पण ही मुलं बघा. ही कुणाची मुलं आहेत?

सोमवारी मुलाखती आहेत. तिच्या तासांसाठी. मला त्या खोलीत बसावं लागेल. त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी असेल, आणि मी म्हणेन, “आपला परिचय करून द्या.” कसं म्हणणार आहे, माहीत नाही. म्हणावं मात्र लागेल.

आता आपण शांत बसू. उभं राहायचं नाही. तिच्या तासाला बसायचात तसंच बसा. कंचननं आजही डबा आणलाय, तो फोटोसमोर ठेवलाय.

कंचन, झाकण उघड.

कुणी बोलू नका.