अर्बाबची हलकी बंदूक

आखातात, वादी कबीरच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक नवराबायको नंबरची वाट बघत होते.

"अंगठा बघा केवढा सुजलाय! सुट्टीच्या दिवशी लाकडाची बंदूक करायची हौस कुठून आली?"

"अर्बाबसाठी केली गं, आपल्या म्हाताऱ्या मालकांसाठी. ईदच्या नाचात इथली माणसं बंदूक वर उडवून झेलतात. अर्बाबच्या वडिलांची खरी बंदूक आता त्यांना पेलत नाही."

"म्हणून ही तश्शीच जुन्या वळणाची, पण आखूड?"

"आणि हलकी. हात थरथरतात त्यांचे."

"अहो, मग हीसुद्धा सुटली हातातून तर? सगळ्या गावासमोर?"

"मी शेजारीच उभा राहणार ना. सुटली तर मी झेलेन."

"तुम्हाला येतं झेलायला?"

"शिकतोय. अंगठा काय हातोडीनं सुजला वाटलं तुला?"