मागच्या खोलीतला हिरवा दिवा

नामाचा गजर झाला, आता जरा कान माझ्याकडे द्या. मंडळी, एक विचारतो. कुणीतरी आपली आठवण काढतंय, हे माणसानं ओळखायचं कशावरून? उचकी लागली म्हणून? हसू नका! उचकीच्या भरवशावर दिवस ढकलणारी माणसं आहेत. त्यातल्याच एकाचं हे आख्यान.

जतच्या बाजूला एक पतसंस्था. मॅनेजर मल्लाप्पा कोष्टी, पण सारा गाव अण्णा म्हणायचा. बायको देवाघरी गेलेली, एकुलता एक मुलगा गिरीश कॅनडात. घरी गेलं तर बोलायला कोण? कुलूप!

तर झालं काय — वीज कंपनीनं योजना काढली. जुनी, वीज खाणारी कॉम्प्युटरची यंत्रं काढा, कमी विजेची बसवा, आणि बिलात सूट घ्या. अट एकच, जुनं यंत्र बंद झालेलं आमच्या माणसाला दिसलं पाहिजे. संस्थेनं त्या सवलतीच्या भरवशावर नवी यंत्रं बसवली. पण विजेचा आकडा काही उतरेना!

तपासणीला वीज कंपनीच्या शेख मॅडम आल्या, तरुण इंजिनिअर. त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. आत जुना सर्व्हर आपला घरघरतोय, आणि त्याच्यासाठी एसी चालू! बाहेर चेअरमनसाहेब पंख्याखाली घाम पुसतायत, आणि इथं यंत्र महाबळेश्वरला!

‘‘काका, हे कशाला चालू ठेवलंय?’’

‘‘बॅकअप आहे,’’ अण्णा म्हणाले.

मॅडमनी तपासलं. बॅकअप कसला? संस्थेचं एक अक्षर त्यात उरलं नव्हतं. फक्त रोज संध्याकाळी बाहेरून त्याला एक हाक येत होती.

‘‘काका, हे कॅनडातून येतंय.’’

अण्णा खाली बघत म्हणाले, ‘‘गिरीशनंच बसवला होता हा सर्व्हर. जाताना व्यवस्था करून गेला. तिथलं त्याचं यंत्र रोज याला विचारतं, आहेस का? हा सांगतो, आहे. मग त्याच्यावरचा तो हिरवा दिवा लुकलुकतो.’’

‘‘पण काका, ते आपोआप होतं. त्यात गिरीश नसतो.’’

‘‘ठाऊक आहे, पोरी. ऑफिस सुटलं की इथं खुर्ची टाकून बसतो. दिवा लुकलुकला की घरी जातो. कुणीतरी विचारतंय ना, तेवढंच.’’

सांगा मंडळी, काय लिहायचं त्या मुलीनं कागदावर? चालू लिहिलं तर सूट गेली, भुर्दंड सभासदांच्या माथी. बंद लिहिलं तर खोटं. तिचं पेन कागदावरच अडलं. अण्णांना ते बघवलं नाही. ते उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं. घरघर थांबली, एसी थांबला. खोली सुनीसुनी झाली.

संध्याकाळी अण्णा सवयीनं खुर्ची टाकून बसले. दिवा कुठला लागायला? आणि मोबाइल वाजला. गिरीश! कितीतरी महिन्यांनी!

‘‘अण्णा, सर्व्हर उत्तर देत नाहीये. मला इथं मेसेज आला. बंद पडला का?’’

‘‘बंद केला रे. मी आहे.’’

पलीकडून गिरीशचा आवाज आला, ‘‘बरं बरं. मीटिंग आहे अण्णा, नंतर करतो.’’

केला का? तुम्हाला वाटतंय बुवा आता गोड करून सांगतील. नाही सांगणार! नाही केला. अण्णा अंधार पडेपर्यंत फोन हातात धरून बसले, मग दाराला कुलूप घालून घरी गेले.

गिरीशला शिव्या देऊ नका. यंत्राची चौकशी त्यानं ताबडतोब केली की नाही? आपणही तेच करतो, माणसाची विचारपूस यंत्रावर सोपवतो. दिवाळीचा मेसेज एकदम शंभर जणांना जातो, त्यातच आई, त्यातच बाप!

टाळ खाली ठेवा. मृदंगवाले, तुम्हीसुद्धा थांबा. आता प्रत्येकानं खिशातला फोन काढायचा. ज्याचं नाव आत्ता मनात आलं, त्याला लावायचा, इथंच, माझ्यासमोर. कामाचं काही बोलायचं नाही, जेवलात का एवढंच विचारायचं. आरती थोडी उशिरा होईल. देवाला चालतं. लावा.