करंगळीशेजारचं बोट

वादक : थांबा, बाई. आधी तो कॅमेरा खाली घ्या.

फोटोवाली : झाला काढून, काका. तुम्ही वाजवा. व्हायोलिन थांबलं तसे ऐकत उभे असलेले ते दोघेही चालू लागले बघा.

वादक : जाऊ देत. फोटो पुसा.

फोटोवाली : सकाळपासून या गारठ्यात फिरतेय. शेकोट्या झाल्या, कानटोप्या झाल्या. उद्याच्या अंकात छापावा असा हा एकच मिळालाय.

वादक : वर्तमानपत्रात? मग तर पुसाच.

फोटोवाली : भर चौकात वाजवताय आणि फोटोला लाजताय?

वादक : लाज नाही हो. मी नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात आहे. सव्वीस वर्षं झाली. सध्या आजारपणाच्या रजेवर.

फोटोवाली : अच्छा. तिकडे आजारी, इकडे मैफल.

वादक : बोला, बोला. दारात बोट चेंगरलं होतं. घरी वाजवलं की बायको म्हणते, छान. ती लग्नापासून छानच म्हणतेय. इथे कुणी मुलाहिजा ठेवत नाही. बरं वाजलं तर थांबतात, नाहीतर चालू पडतात. म्हणून तीन आठवडे इथे येतोय. सोमवारी कामावर हजर व्हायचंय. त्याआधी तिथल्या कुणी हा फोटो पाहिला, तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल.

फोटोवाली : मग चेहरा कापते. नुसते हात छापू.

वादक : चेहऱ्याचं काय घेऊन बसलात? शेजारी बसणारे वर्षानुवर्षं माझे हातच बघताहेत.

फोटोवाली : एकदा बघा तरी. मग पुसते. शब्द देते.

(तो चष्मा पुसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकतो.)

वादक : हे मोठं होतं?

फोटोवाली : हे घ्या.

वादक : हा तो लांबवलेला सूर. करंगळीशेजारच्या बोटाचा. तेच चेंगरलं होतं.

फोटोवाली : पण ते तर हवेतच आहे. तारेवर मधलं बोट दिसतंय.

वादक : दिसतंय मला.

फोटोवाली : सूर तर बरोबर लागला होता.

वादक : तेच तर. सूर बरोबर लागतोय म्हणून मी खूश. डोळे मिटून वाजवायची सवय. मधलं बोट पुढे सरकून याचं काम करतंय, आणि मला पत्ता नाही. संथ वाजवताना खपून जातं. लय वाढली की उघडं पडणार.

फोटोवाली : थंडीनं आखडलं असेल. हात चोळा, परत वाजवा. मी परत काढते.

वादक : काढा.

फोटोवाली : ... झालं.

वादक : टेकलं?

फोटोवाली : सूर छान होता, काका.

वादक : बायकोसारखं बोलू नका. टेकलं का, तेवढं सांगा.

फोटोवाली : नाही.

वादक : हं.

फोटोवाली : दोन्ही पुसून टाकते. कुणाला कळायचं नाही.

वादक : नको. पहिला छापा. चेहऱ्यासकट.

फोटोवाली : सोमवारी विचारतील तुम्हाला.

वादक : विचारू देत. बोट टेकत नाही, हे आपण होऊन सांगायला माझी जीभ रेटली नसती.