क्लायंटबरोबर जेवण

माझा मुलगा दर बुधवारी मला हॉटेलात जेवायला नेतो, म्हणून तुम्ही सगळे मला नशीबवान म्हणता. मग परवाचं ऐका.

निखिल खराडीच्या ऑफिसातून थेट आला, चेहरा पार उतरलेला. मी पीएच.डी. झालेला माणूस, पण त्याच्याशी काय बोलावं याची धास्ती मला दुपारपासूनच असते. सुरमई मात्र उत्तम होती. तेवढ्यात त्याच्या साहेबांचा फोन आला.

“सर, क्लायंटबरोबर डिनरला आलोय,” तो म्हणाला.

“क्लायंट कोण?” मी विचारलं.

“तुम्ही. वडील म्हटलं असतं, तर इथूनच मीटिंगला बसवलं असतं.”

खरं सांगतो, मला बरं वाटलं. पोरगा माझ्यासाठी साहेबांशी खोटं बोलला होता.

मी हात धुऊन परत आलो, तेव्हा तो पाठमोरा बसून मित्राशी फोनवर बोलत होता. “नाही रे, मजा कसली. बाबांना जेवायला आणलंय. बुधवारची ड्यूटी.”

त्याने फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “दमला असशील. गोड राहू दे, निघू या का?”

“बसा हो बाबा,” एवढं तरी तो म्हणेल, असं मला वाटलं होतं. माझं वाक्य संपायच्या आत त्याने वेटरला बिलाची खूण केली.