सदऱ्यावरचा माईक

न्हाई म्याडम, तो कॅमेरा बंद करा आधी, मंग बसा — तिकडून नका, बाकड्याला खिळा हाय, इकडून बसा. हां. आता मला सांगा, तुम्ही लोकं पुण्याहून इथं मंठ्याच्या फाट्यावर आले कशापायी? उमेद शोधाया. हेच म्हनल्या ना काल चावडीपाशी? इलेक्शन झालं, मानसं धास्तावले, गावात फूट पडली, आन आम्ही त्याच्यातून उमेद धुंडून राह्यलो, म्हणे. मी इथं भजे तळत होतो, हसू दाबलं मी. म्हनलं, हे काय दावं तोडून गेलेलं वासरू हाय का, का शिवारभर फिरून धुंडाया निघाले. आन धुंडाया आल्या त्याबी कुठं, तर आमच्या गावात. इथं आता किराणा कोनाच्या दुकानातून न्यायचा हे बी कोन कोनाकडून होता ते पाहून ठरतं. माझ्या हाटेलात अर्धं गाव येत न्हाई. न्हाई आलं तर न्हाई आलं, माझं काही अडलं न्हाई.

काल काय काय घेतलं तुम्ही, सगळं म्हाईत हाय मला — हाटेल हाय हे, इथं न बोलवता सगळं येतं. झुंबरबाईला उन्हात बसवलं आन हसा म्हनले. ती कामून हसंल? निकाल लागल्यापासून सुनेनं सांगून ठेवलंय, पल्याडच्या आळीत कोनाशी बोलाचं न्हाई, म्हातारी इळभर मूग गिळून बसती. तरी हसली बिचारी, पाव्हणे आले म्हणून. तोंडात दात न्हाई एक, तेच लै भारी दिसलं म्हणे तुमच्या कॅमेरावाल्याला, त्या अवधूतला. मंग ते उडतं यंत्र सोडलं. ह्या कारभारीची म्हैस बिथरली, सांजच्याला पान्हवली न्हाई — खोटं हाय का रे कारभारी? बघा, पेपरातून मान वर काढत न्हाई, पर मनात शिव्या देऊन राह्यला तुम्हाला. आन पारावर दोन्ही पार्टीचे मानसं शेजारी शेजारी बसवून एकमेकाला चहा द्याया लावला. एकदा दिला तर उजेड बराबर न्हाई, पुन्हा द्या. पुन्हा दिला तर कोन्हीतरी मधी खोकललं, पुन्हा द्या. चहा माझ्याच हाटेलातला, शेवटी शेवटी गारढोण झाल्ता, तोच पेले बिचारे. तुमची गाडी वळली न वळली, तोवर जो तो आपापल्या बाजूला. तेवढं न्हाई घेतलं तुम्ही. ते उमेदीत बसत न्हाई.

माझं काय विचारता, माझं बरंय. — हां, दादाचं म्हणता. तेच विचाराया आल्या ना तुम्ही, दुसरी बाजू घ्याया. तर सर्जेराव माझा थोरला भाऊ, सख्खा, आन निकालापासून माझ्याशी एक शबूद बोललेला न्हाई. का? त्याचा मानूस पडला, माझा आला. ह्याच्यात मी काय केलं? मी तर सोता गुलाल घेऊन गेल्तो त्याच्या दारात. चिडवाया न्हाई, वहिनीला विचारा — कपाळाला बोट लावाया गेल्तो. दर बारीला लावतो आम्ही, कोन्ही बी येवो. दार लावून घेतलं त्यानं. माझं बोट तसंच वर. आन दुसऱ्या दिशी ह्याच कारभारीच्या हाती निरोप धाडला, म्हणे विहिरीचे दिवस वाटून घे. घ्या. बाप गेल्यापासून शेत वाटलं, घर वाटलं, भांडे वाटले, पर विहीर न्हाई वाटली आम्ही. ती वाटली कोनासाठी, तर एका आमदारासाठी, ज्यानं आम्हा दोघांचं बी तोंड पाह्यलेलं न्हाई.

पहिलं कसं होतं, सांगतो. लाईट आली की दादा वर विहिरीवर, मी खाली दाऱ्यावर, पानी वाफ्यात वळवाया. मोटर चालू कराच्या आधी तो वरून वरडायचा — सोडलं रंऽऽ अप्पाऽऽ — की मी खोऱ्यानं वाफ्याचं तोंड मोकळं करायचो. ते वरडल्याबगर त्यानं कधी खटका दाबला न्हाई. खाली मानूस नसला ना म्याडम, तर पानी पाट फोडून भलतीकडंच जातं. आन आता? आता त्याच्या दिवशी खटका बी तोच दाबतो आन धावत खाली बी तोच जातो. साठीला आलेलं मानूस, गुडघे गेलेले, चिखलात लंगडत पळतं. पळू द्या. हौस हाय ना. मी इथून पाहतो न्हाई काही — इथून दिसतंय म्हणून दिसतं.

बरं, ते जाऊ द्या. तुमचा तो अवधूत काल दादाच्या सदऱ्याला माईक लावून काढाया इसरला, हे खरं का? कारभारी सांगून राह्यला, दादा तसाच गेला विहिरीवर, छातीला तो किडा चिटकवून आन खिशात ती डबी. गाव हसलं. मंग त्या डबीत आलं असंल सगळं? न्हाई, मला काय करायचंय. मोटरीला शिव्या दिल्या असतील, दुसरं काय. — माझ्याबद्दल काही? बोलला असंल तर सांगा, मला काही वाटत न्हाई. शिव्या? — मान हालवून राह्यल्या. मंग काय, चांगलं बोलला? तो? चांगलं बोलायचं असतं तर दार लावलं असतं का. हां, समजलं मला. तुम्ही उमेदवाले, इकडून माझा रडका चेहरा घेताल, तिकडून त्याचा, आन मधी बासरी वाजवताल. आपल्याजवळ ते जमायचं न्हाई. — हे काय, कानाला? कशाला पर? — लावा. जल्दी लावा, गिऱ्हाईक आलं की उठाया लागतं मला.

वारा हाय नुसता. — हां, चपला. त्याच्याच हायेत, उजवा पाय घासून चालतो तो. खोकलला. — मोटरीच्या पेटीचं दार उघडलं. कडी वाजली. — थांबा, बोलू नका.

…

हळूच म्हनला. वरडला न्हाई — वरडला असता तर मला इथं फाट्यावर ऐकू आलं असतं. तोंडातल्या तोंडात म्हनला, मंग खटका दाबला. सोडलं रं अप्पा. — खाली कोन्ही न्हाई हे म्हाईत हाय की त्याला.

न्हाई, परत नका लावू. काढा हे कानातलं. आन ऐका, हे पिच्चरमधी घालायचं न्हाई. बिलकुल न्हाई, सांगून ठेवतो. तुम्हाला झुंबरबाईच्या बोळक्यात सापडली ना उमेद, तेवढी घेऊन जा पुण्याला, लोकं टाळ्या देतील. हे तुमचं न्हाई. — माझ्याकडं काय पाहून राह्यल्या? आज वार कोनता? कारभारी, आज वार कोनता रे? — म्हंजी आज बी त्याचाच दिवस. लाईट यायची येळ झाली. कारभारी, तो पेपर ठेव, कढई उतरव, हाटेलावर ध्यान दे जरा. उठा म्याडम, बाकडा आत घ्याचाय मला. आन माझ्या मागं येऊ नका ते यंत्र घेऊन, चिखल हाय तिकडं. जा तुम्ही. तिकडं दाऱ्यावर कोन्ही न्हाई.